डाव्या कुशीवर

आमच्या कॉलेजात माणूस आजारी पडत नसे, त्याची केस होत असे. केसही दोन तऱ्हेची. एक साधी. ताप, जुलाब, कंबरदुखी. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. दुसरी गुड केस. ज्याचं दुखणं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम आहे, हात लावला की सापडतं, कान लावला की ऐकू येतं, असा माणूस म्हणजे गुड केस. त्याचं आमच्याकडे जावयासारखं कौतुक व्हायचं. त्याला बरं मात्र कुणी करत नसे, कारण बरा झाला की तो कुणाच्याच कामाचा उरत नसे.

कॉलेज खाजगी आणि नवंकोरं होतं. कल्याणच्या बाहेर, काचेची दर्शनी भिंत, आत गणपतीची मूर्ती, आणि वॉर्डात रिकाम्या खाटा. विद्यापीठाची तपासणी यायची म्हटलं की कॉलेजची बस विठ्ठलवाडीच्या वस्त्यांमधून फिरायची आणि माणसं भरून आणायची. त्यांना खाटांवर झोपवायचं, दुपारी वरणभात आणि जिलबी, तपासणी संपली की बसमध्ये घालून परत. एकदा एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं होतं, "मॅडम, साहेबानं विचारलं तर मला काय झालंय म्हणून सांगू?" मी म्हटलं, पोटात दुखतंय म्हणा. तपासणीचे साहेब आले तेव्हा त्या भल्या माणसानं असा काही टाहो फोडला की साहेब घाबरून पुढच्या वॉर्डात निघून गेले. आम्ही आठवडाभर हसत होतो.

पण परीक्षेला असली सोंगं चालत नाहीत. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला विद्यापीठ बाहेरगावचा परीक्षक पाठवतं, आणि त्याच्यापुढे खरा रोगी लागतो. त्याला प्रश्न विचारायचे, तपासायचं, आणि मग खाटेशी उभं राहून रोगाचं नाव सांगायचं. म्हणून मेडिसिनच्या हेड सरांनी गुड केसेस जपून ठेवलेल्या असत. कुणाचं यकृत वाढलेलं, कुणाच्या छातीत पाणी. परीक्षा जवळ आली की या मंडळींना फोन जायचे, गाडी जायची. काही जण इतके मुरलेले होते की विद्यार्थी घाबरलेला दिसला तर आपणच रोगाचं नाव त्याच्या कानात सांगायचे.

माझी आई गुड केस होती.

डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमचा कोळीवाडा. वडील मी लहान असतानाच गेले. आई मासळीबाजारात बसायची, आणि तिच्या जिभेला अख्खा बाजार वचकून असायचा. गिऱ्हाइकानं पापलेटाचा गलफडा उघडून नाक मुरडलं तर ती म्हणायची, "तुजा बी उघडून बघू काय? कवा पकरलाय तुना?" मी मेडिकलला लागले ते फी माफीच्या सीटवर. वर्गातली काही मुलं त्याला मच्छी कोटा म्हणायची. मी घरी येऊन रडले तेव्हा आई म्हणाली, "त्यांच्या बापाला इचार, सोमवारी कोलंबी कोन खातंय लपून." माझं रडं थांबलं नाही, पण ती खूश होती.

बाजारात जाताना रेल्वेचा पूल चढावा लागे. पुलाच्या मध्यावर ती थांबायची आणि डोक्यावरची पाटी नीट करायची. पाटी नीटच असायची. दम लागतो हे तिला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि मला ती तिची सवय वाटायची. दुसऱ्या वर्षाला आम्हाला स्टेथोस्कोप मिळाला. मी सगळ्यात आधी घरच्या माणसांच्या छातीला लावला. आईच्या छातीत जो आवाज आला तो कुठल्याच निरोगी छातीत नसतो, इतपत मला तेव्हाही कळलं.

तिला कॉलेजात घेऊन गेले. हेड सरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उजळला. लहानपणी सांधे सुजून ताप येतो, त्यात हृदयाची झडप खराब होते आणि पुढे आकसत जाते, तो रोग. त्यात हृदयातून एक घुमणारा आवाज येतो, त्याला मर्मर म्हणतात. तो फार हलका असतो, भल्याभल्यांना सापडत नाही. आईचा सापडत होता.

"सुंदर!" सर म्हणाले. "बेटा, तुझ्या आईचा मर्मर फार सुंदर आहे."

असं कुणी आपल्या आईबद्दल सांगतं तेव्हा काय म्हणायचं असतं? मी थँक यू सर म्हणाले.

मग त्यांनी अख्खी बॅच बोलावली. तो आवाज ऐकायचा तर रोग्याला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास पूर्ण सोडायला सांगायचं आणि धरून ठेवायला सांगायचं. मग छातीवर नेमक्या जागी कान दिला की लांबून खाडीतून होडीचं इंजिन येतंय असं ऐकू येतं. रांगेनं एकेक जण आला. वळा मावशी, सोडा, धरा. वळा मावशी, सोडा, धरा. एकानं वाकताना नाकाला रुमाल लावला. आईनं एक डोळा उघडून त्याला न्याहाळलं आणि म्हणाली, "सुरमई हाय ती, बाला. महाग असते. फुकट वास घेतंस तर नीट घे." सगळा वॉर्ड हसला. त्या दिवसापासून ती कॉलेजची लाडकी झाली. मुलं तिला मावशी म्हणू लागली, जिन्यात भेटली तर नमस्कार करू लागली. मला नाही करत. मी मच्छी कोटाच होते.

यावर इलाज होता. मांडीतून नळी घालून ती झडप फुग्यानं रुंद करायची. बलून म्हणतात. ते आमच्याकडे होत नव्हतं, मुंबईच्या महापालिकेच्या इस्पितळात व्हायचं, आणि तिथं गर्दी एवढी की तारीख मिळायची म्हणजे मुंज झालेल्या मुलाच्या लग्नापर्यंत थांबण्यातली गत. मी तिथं खेटे घातले. बाकांवर बसून राहिले. कारकुनांना साहेब म्हणाले. शेवटी तारीख मिळाली. आणि ती नेमकी माझ्या मेडिसिनच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी आली.

मला त्याचं काही वाटलं नाही. मामा आईबरोबर जाणार होता, मी परीक्षा देऊन संध्याकाळी थेट इस्पितळात पोचणार होते. पण सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बेटा, यंदा हार्टच्या केसेस कमी आहेत," ते म्हणाले. ते नेहमी अतिशय मऊ बोलत. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नाही. "आईला त्या दिवशी आणता येईल का?"

"सर, तिची बलूनची तारीख आहे."

"हो, पण एकदा बलून झाला की मर्मर गेला. मग ती काय कामाची?" असं म्हणून ते स्वतःच हसले. "तारीख काय, मी बोलून पुढची घेऊन देतो. इतकी वर्षं तिनं काढली, अजून थोडं."

मी नाही म्हणाले. दोनदा म्हणाले, स्पष्ट म्हणाले.

"ठीक आहे बेटा. तुझी आई, तुझा निर्णय." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आजही मला त्या माणसापेक्षा त्या विश्वासाचा जास्त संताप येतो.

परीक्षेच्या सकाळी आईनं माझ्या तळहातावर दही ठेवलं. तिची पिशवी भरलेली होती, मामा ओट्यावर बसून चपला घालत होता. "तू जा, गारी चुकंल," ती म्हणाली. "मी जातंय मामाबरोबर." मी तिच्या पाया पडले. तिनं घाईघाईनं मला दाराबाहेर काढलं. मामानं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, इस्पितळाच्या भीतीनं.

परीक्षा वॉर्डातच होती. प्रत्येक खाटेभोवती पडदा. आम्ही पांढरे कोट घालून बाहेर उभे, कुणाच्या तोंडात स्तोत्र, कुणाच्या हातात पुस्तक. कोणती खाट कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. स्टीलच्या वाडग्यात चिठ्ठ्या होत्या आणि वाडगा खुद्द हेड सरांच्या हातात होता. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी वाडगा पुढे केला नाही. बोटांत धरलेली एक चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली आणि डोळा बारीक करून हसले.

मी पडदा सारला. आत हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून, केसांना चोपून तेल लावून, हातातल्या बांगड्या काढून आई बसली होती.

"आये!"

"हलू बोल. भायेरचा मास्तर आयलाय."

"तू इथं काय करतेस? तुझी तारीख..."

"तारीख काय पलून जाते?" ती म्हणाली. "तुज्या सरांनी फोन केलता. बोलले, मावशी, तुमी असल्यात तर पोरीला सोपी केस भेटंल. तुमची छाती तिला पाठ हाय. नायतर काय भेटंल नशिबात, कोनाला ठाव."

"आणि मामा?"

"खाली हाय. वरापाव खातंय."

मला तिला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, हात उचलून. इतक्या बाकांवर मी बसले होते, इतक्या लोकांपुढे वाकले होते, आणि हिनं एका फोनवर ते सगळं खाडीत सोडून दिलं होतं. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते की ही माझी आई आहे, माझी केस बदला. तिनं माझं मनगट धरलं. मासळी कापणाऱ्या बाईची पकड असते, सुटत नाही.

"सांगलंस तर मी जन्मात तुज्याशी बोलनार नाय," ती म्हणाली. मग तिनं हनुवटीनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "येल जातंय. बस. इचार काय इचारायचं ते."

आणि मी बसले. स्टूल ओढलं, कागद काढला आणि आईला विचारायला लागले. दम कधीपासून लागतो? ती म्हणाली, न्हान होती तवापासून. म्हणजे मी समजत होते त्याच्या कितीतरी आधीपासून. झोपताना किती उशा लागतात? ती म्हणाली, बसूनच झोपतंय हल्ली. मी म्हटलं, मी तर बघितलं नाही. ती म्हणाली, तू पुस्तकात असतंस. खोकल्यातून रक्त? तिनं अंगावरचा झगा सारखा केला. मी पुन्हा विचारलं. "जरासा परतंय," ती म्हणाली. "कोलंबीच्या रंगाचा." बाळंतपणं किती? ती माझ्याकडे बघून हसली, म्हणाली लिव, एक. त्या वेळी काही त्रास? आणि मग तिनं मला सांगितलं की माझ्या वेळी डॉक्टरीणबाई तिला म्हणाली होती, हे मूल ठेवू नकोस, तुझं हृदय ते ओढणार नाही. ती पुन्हा त्या बाईकडे गेलीच नाही.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"कोनी इचारलंच नाय," ती म्हणाली. "आज तुना मार्क हायेत म्हनून इचारतंस."

मी तिचं मनगट हातात घेतलं, नाडी बघायला. नाडी बिघडली होती. ठोके वाटेल तसे पडत होते, दोन जवळ, मग खड्डा, मग तीन. महिन्याभरापूर्वी मी तपासली होती तेव्हा ती एका लयीत होती. याचा अर्थ मला पाठ होता. अशा नाडीत हृदयात रक्त साकळतं, त्याची गुठळी सुटते आणि मेंदूत जाऊन बसते. आणि ते टाळायला जे करायला हवं होतं ते आज, याच वेळी, मुंबईत व्हायचं होतं.

घंटा झाली. परीक्षक आले. गलेलठ्ठ, घामेजलेले, जेवणाची वाट बघणारे गृहस्थ. त्यांच्या मागे हेड सर.

मी इंग्रजीत सांगत गेले. परीक्षकांनी मर्मर ऐकवायला सांगितलं. मी काही बोलायच्या आत आई आपली आपण डाव्या कुशीवर वळली, श्वास सोडला आणि धरून राहिली.

"अरे वा!" परीक्षक म्हणाले. "पेशंट कॅन्डिडेटपेक्षा तयार आहे." सर हसले. आई भिंतीकडे तोंड करून श्वास धरून पडली होती, आणि तिच्या गालावरून मला कळलं की तीही हसतेय.

मी नाडीचं सांगितलं. परीक्षक एकदम जागे झाले. स्वतः मनगट धरून बघितलं. "व्हेरी गुड! ही नवीन फाइंडिंग आहे?" सरांनी मान डोलावली. सरांनाही ते माहीत नव्हतं, पण मान डोलावली.

"आता सांग," परीक्षक म्हणाले, "हिची झडप उघडली नाही, तर हिला काय होईल?"

मी आईच्या पाठीकडे बघितलं.

"कमॉन. सोपं आहे."

"सर, क्लॉट," मी म्हणाले. "एम्बॉलिझम."

"जाऊन बसेल कुठं?"

"ब्रेन."

"म्हणजे?"

"स्ट्रोक, सर."

इंग्रजीत बोललं की खाटेवरच्या माणसाला कळत नाही असा आमच्या धंद्यात समज आहे. स्ट्रोक हा शब्द डोंबिवलीच्या मासळीबाजारात सगळ्यांना येतो. आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग परीक्षकांकडे बघितलं, मी बरोबर सांगितलं का हे बघायला. ते मान हलवत होते. तिचं समाधान झालं.

बाहेर आल्यावर सरांनी मला गाठलं. "बघ, तुझं काम किती सोपं करून दिलं," ते म्हणाले. मी वाट बघत होते की आता ते काहीतरी लपवतील, नजर चुकवतील. त्यांनी नजर चुकवली नाही. त्या माणसाला मनापासून वाटत होतं की त्यानं माझ्यावर उपकार केलेत. दुष्ट माणूस असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मी चांगल्या मार्कांनी पास झाले. आईनं कोळीवाड्यात पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "पोरगी माज्या छातीवर पास झाली." बाया पदर तोंडावर धरून हसायच्या. मी तिच्याशी बोलत नव्हते. मग एक दिवस बोलायला लागले, कारण तिच्याशी अबोला धरणं म्हणजे भरतीच्या पाण्याशी अबोला धरण्यासारखं होतं.

सरांनी शब्द पाळला. मुंबईला माझ्यासमोर फोन केला. तिकडून सांगितलं गेलं की चुकवलेली तारीख म्हणजे नवा नंबर. नवा नंबर लागला तो पुढच्या पावसाळ्यानंतरचा. "दरम्यान रक्त पातळ करायची गोळी देऊ," सर म्हणाले. मी ती रोज तिच्या हातात द्यायचे आणि इंटर्नशिपला जायचे. गोळी चालू झाल्यावर बाजारात एकदा कोयता तिच्या बोटाला लागला आणि रक्त थांबेचना. पाटीतली अख्खी मांदेली लाल झाली, गिऱ्हाइकं उठून गेली. त्यानंतर ती बाजारच्या दिवशी गोळी तोंडात धरायची आणि मी वळले की थुंकायची. हे मला नंतर शेजारच्या कोळणीनं सांगितलं.

त्या कोळणीनंच मला पुढच्या एका बाजारच्या दिवसाचंही सांगितलं. एक बाई आईशी बांगड्याच्या वाट्यावरून घासाघीस करत होती. तिनं अगदीच पडेल भाव केला. कोळणी कान टवकारून बसल्या, आता हिची कशी उतरवते बघू. आई बोललीच नाही. बाईला वाटलं, सौदा पटला. तिनं पैसे ठेवले, वाटा पिशवीत घातला आणि निघून गेली. आईच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, तेव्हा कुठं बाजाराला कळलं.

उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आमच्याच कॉलेजात आणलं, तेच जवळ होतं. राउंडला हेड सर आले, तपासलं, हळहळले. मनापासूनच हळहळले. मग केसपेपरवर लिहिलं, पेशंट औषध नियमित घेत नव्हती. ते खरंच होतं. त्या कागदावर एकही खोटा शब्द नव्हता.

ज्या जिभेला बाजार वचकून होता तिच्यावर एकच शब्द उरला. असं होतं कधीकधी, सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द मागे राहतो. शिवी राहिली असती तरी मला चाललं असतं. आईकडे राहिलं ते 'बरं'. आयुष्यात तिनं कुणाला बरं म्हटलेलं मला आठवत नाही. आता ती सगळ्याला बरं म्हणायची. भूक लागली की बरं, लघवी झाली की बरं, दुखलं, राग आला, रडू आलं की बरं, बरं, बरं.

बलून पुढे झाला, तिच्या मर्मरची शोभा गेली. हात मात्र परत आला नाही. कॉलेजच्या फिजिओथेरपीत तिला फुकट व्यायाम मिळायचा, म्हणून मी तिला रिक्षानं तिथं आणायचे. अशातच पुढच्या बॅचची प्रॅक्टिकल आली.

"बेटा," सर जिन्यात भेटून म्हणाले, "न्यूरोची चांगली केस नाही गं. आईला..."

"नाही," मी म्हणाले. जिन्यात माणसं होती, मी आवाज चढवला. "माझ्या आईला हात लावायचा नाही."

"ठीक आहे बेटा," सर म्हणाले.

या वेळी मी शहाणी झाले होते. परीक्षेच्या दिवसांत तिला आणायचंच नाही असं ठरवलं. मामाला बजावलं, तिला घराबाहेर काढायचं नाही. मी ड्युटीवर गेले. दुपारी कॅज्युअल्टीत टाके घालत असताना एक सिस्टर सहज म्हणाली, "तुमची आई आली आहे ना वर? छान दिसतात आज." मी सुई तशीच टाकून जिना चढले.

सर वॉर्डाच्या दारातच होते. माझा चेहरा बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. "विचारल्याशिवाय नाही आणलं," ते मऊ आवाजात म्हणाले. "ड्रायव्हरनं घरी जाऊन विचारलं, मावशी येता का? तुझ्या मामासमोर विचारलं. ती बरं म्हणाली."

मी त्यांना ढकलून पडदा सारला. तोच हिरवा झगा. केसांना तेल, मामानं लावलेलं, भांग वाकडा. खाटेशी एक मुलगी उभी होती, हातात गुडघे ठोकायची हातोडी, ओठ पांढरे पडलेले. तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप वाकताना पुढे लोंबला. आईनं तो बघितला. आणि डाव्या हातानं खाटेचा गज धरून तिनं स्वतःला ओढायला सुरुवात केली. उजवा पाय येईना, उजवा हात पाठीमागे अडकला. ती कण्हत, घाम गाळत डाव्या कुशीवर वळली, श्वास सोडला आणि धरून राहिली.

"मावशी, नको, तसं नाही," ती मुलगी म्हणाली. "हार्ट नाही बघायचं." तिला काहीच कळत नव्हतं.

आई श्वास धरून होती. घ्या असं कुणीतरी म्हणेपर्यंत धरायचा असतो, हे तिला एवढं सगळं गेल्यावरही आठवत होतं. तिचे ओठ निळे व्हायला लागले. मी वाकले आणि म्हणाले, "आये, घे. श्वास घे." तिनं घेतला. मला बघितलं, तोंडाची एकच बाजू हसली.

"बरं," ती म्हणाली.

मी तिला उठवायला हात घातला, तिला घरी न्यायला. तेवढ्यात ती मुलगी माझ्यापुढे आली. "मॅडम, तुम्ही नातेवाईक ना? पेशंट बोलत नाही. मला हिस्ट्री कुणीच दिली नाहीये. प्लीज. हे कधी सुरू झालं?"

"माझ्या परीक्षेच्या दिवशी," मी म्हणाले.

तिचा पेन हवेतच राहिला. "मॅडम, तसं नाही, किती महिने झाले ते सांगा ना. मी फेल होईन." ती रडायलाच आली होती.

मी नाही म्हणणार होते. माझ्या तोंडात ते आलंही होतं. आईनं माझं मनगट धरलं, डाव्या हातानं, आणि ती पकड अजून तशीच होती. तिनं हनुवटीनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मग त्या मुलीकडे. मग खाटेजवळच्या स्टुलाकडे.

"बरं," ती चिडून म्हणाली. "बरं, बरं!"

मी स्टूल ओढलं, बसले, आणि त्या मुलीला सांगायला लागले.